आज्ञेतून आज्ञा निघते का?

‘दार लाव’ हे खरे की खोटे, असे कुणी विचारत नाही. अनुमानाची व्याख्या मात्र खरेपणावरच बेतलेली: आधीची विधाने खरी, तर निष्कर्षही खरा. तरीही ‘वाळत घातलेले सगळे कपडे आत आण’ आणि ‘हा टॉवेल वाळत घातला आहे’ यांवरून ‘हा टॉवेल आत आण’ हे निघतेच. हा पेच १९३७-३८ साली एका डॅनिश तत्त्वज्ञाने मांडला. त्याआधी, १९२६ मध्ये, ऑस्ट्रियात ‘असायला हवे’ याची स्वयंसिद्धके, म्हणजे सिद्ध न करता गृहीत धरायची मूळ तत्त्वे, रचून झाली होती. पण त्यांतून ‘जे आहे तेच असायला हवे’ असे सिद्ध होत होते.

१९३९ मध्ये दोघा अमेरिकनांनी वाट काढली: खरेपणाच्या जागी पालन ठेवायचे. पहिली आज्ञा पाळली की दुसरी आपोआप पाळली जात असेल, तर दुसरी पहिलीतून निघते. हिशेब सुटसुटीत होता. १९४१ मध्ये आणखी एका डॅनिश अभ्यासकाने तो उधळला. पत्र पोस्टात टाकणाऱ्याने ‘टाक किंवा जाळ’ हीही आज्ञा पाळलेलीच असते. म्हणजे ‘टाक’ यातून ‘टाक किंवा जाळ’ निघते! नेहमीचे उत्तर असे की जाळल्यास मूळ आज्ञा मोडतेच, मग बिघडले कुठे? हे उत्तर तोकडे आहे. साहेबाने ‘टाक’ म्हटले, मधल्या कारकुनाने अनुमान करून शिपायाला फक्त ‘टाक किंवा जाळ’ सांगितले. शिपायाने जाळले. त्याने कोणती आज्ञा मोडली? आज्ञेतला ‘किंवा’ मुभाही देतो, विधानातला देत नाही. अडचण तिथे आहे.

१९५१ नंतर आज्ञा सोडून ‘करणे बंधनकारक आहे’ अशा वाक्यांचे तर्कशास्त्र उभे राहिले. पत्राचा पेच तिथेही आलाच. १९६६ मध्ये अनुमानाची दिशा उलटवली गेली: दुसरी आज्ञा पाळली की पहिली पाळली जात असेल, तर दुसरी पहिलीतून निघते. म्हणून ‘टाक किंवा जाळ’ यातून ‘टाक’ निघते, उलट नाही. पण मग ‘दार लाव’ यातून ‘दार लाव आणि खिडकी फोड’ही निघते. २००० साली नियमाला खरेखोटे न मानता, परिस्थिती घातली की कर्तव्य बाहेर देणारे यंत्र मानणारी मांडणी आली. तिच्या मूळ रूपातही ‘किंवा’ची गळती राहिलीच: ‘टाक’ बाहेर आले की ‘टाक किंवा जाळ’ही येते.

वेदातल्या आज्ञांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी हा ‘किंवा’ कधी फुकट वाटला नाही. यज्ञात ‘व्रीही’ (तांदूळ) सांगणारे वचन आहे, ‘यव’ (जव) सांगणारेही. दोन्ही तुल्यबल, म्हणून नाइलाजाने विकल्प, म्हणजे दोहोंपैकी कोणतेही एक. त्यालाही आठ दोष चिकटतात, प्रत्येक पर्यायामागे चार.