धर्मव्यतिक्रम

धर्मव्यतिक्रम : वेद आणि इतिहास-पुराणे यांतील थोरांचे वर्तन व पुढच्या धर्मशास्त्राचे नियम यांत दिसणारी विसंगती. द्रौपदीला पाच पती कसे, व्यास ब्रह्मचारी असून नियोगाला (मृत किंवा असमर्थ पतीसाठी दुसऱ्याकडून होणाऱ्या पुत्रोत्पत्तीला) कसे गेले, अर्जुनाने मामेबहिणीशी लग्न कसे केले, हे प्रश्न आधुनिक टीकाकारांनी उकरून काढले असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. ‘दृष्टो धर्मव्यतिक्रमः साहसं च’, म्हणजे थोरांच्या हातून धर्माचे उल्लंघन आणि अविचाराची कृत्ये झालेली दिसतात, अशी नोंद गौतम व आपस्तंब या दोन्ही धर्मसूत्रांत आहे. परंपरेने प्रश्न झाकला नाही. तो सूत्रात घालून ठेवला.

आपस्तंबाचे उत्तर तीन सूत्रांत आहे (२.६.१३.७–९). पूर्वजांकडून उल्लंघन झाले. त्यांच्या विशेष तेजामुळे त्यांना दोष लागला नाही. ते पाहून तसेच वागणारा मागाहूनचा माणूस मात्र बुडतो. लगेच पुढचे सूत्र सांगते की अपत्याचे दान किंवा विक्री करता येत नाही. ही जवळीक बोलकी आहे, कारण ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्त शंभर गाईंना आपला मधला मुलगा शुनःशेप विकतो, शंभर गाई घेऊन त्याला यूपाला (यज्ञातील खांबाला) बांधतो आणि आणखी शंभर घेऊन मारायलाही तयार होतो. सुटका झाल्यावर पोरगा बापाकडे परत जात नाही. विश्वामित्राचा मुलगा होतो. निषेध कथेतच आहे. पुढे मनू मात्र (१०.१०५) भुकेपोटी केले म्हणून अजीगर्ताला पाप लागले नाही, असे आपद्धर्माचे (संकटकाळी चालणाऱ्या वर्तनाचे) उदाहरण देतो. म्हणजे एकाच घटनेवर तीन ग्रंथांचे तीन निवाडे आहेत. ‘शास्त्र काय म्हणते’ असे विचारण्याआधी ‘कोणते शास्त्र’ हे विचारावे लागते, ते यासाठी.

मीमांसेतील चर्चा : मीमांसा म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे शास्त्र. त्यात सर्वांत सविस्तर विचार सातव्या शतकातील कुमारिल भट्टाने तंत्रवार्तिकात (जैमिनिसूत्र १.३.७) केला. प्रजापती आणि त्याची मुलगी, इंद्र आणि अहल्या, मुलांच्या मृत्यूनंतर जीव द्यायला निघालेला वसिष्ठ, लग्न न करता यज्ञ करणारा भीष्म, कृष्णार्जुनांचे मद्यपान अशी लांबलचक यादी तो स्वतःच देतो आणि एकेकाला उत्तर देतो. प्रजापती म्हणजे सूर्य, त्याची मुलगी म्हणजे उषा. इंद्र म्हणजे सूर्य आणि अहल्या म्हणजे दिवसा लय पावणारी रात्र. क्षत्रियाला पिठाची सुरा निषिद्ध, मधापासूनचे मद्य नाही. पण त्याचा खरा मुद्दा वेगळाच आहे. शिष्टांनी धर्म म्हणून जे केले तेच शिष्टाचार, म्हणजे प्रमाण मानायचा आचार. लोभ, क्रोध किंवा शोक यांपोटी केलेले ते नव्हे. वसिष्ठाने शोकात केलेल्या कृत्यावरून कोणताही नियम निघत नाही.

काही उत्तरे ओढूनताणून आणलेली आहेत. सुभद्रा ही वसुदेवाची सख्खी मुलगी नसावी, हे कुमारिलाचे उत्तर टिकत नाही. आदिपर्वात कृष्ण स्वतः तिला आपल्या वडिलांची लाडकी मुलगी म्हणतो.

विधी (आज्ञा) आणि अर्थवाद (आज्ञेला बळ देणारे वर्णन) हा भेद इथे सर्वाधिक उपयोगी पडतो. तैत्तिरीय संहितेत (१.५.१) रुद्र रडला, त्याच्या अश्रूंची चांदी झाली, म्हणून यज्ञात बर्हीवर (अंथरलेल्या दर्भांवर) चांदी देऊ नये, असे येते. यात ‘देऊ नये’ एवढाच नियम. रडण्याची कथा त्या निषेधाला बळ देते. ती स्वतंत्र आज्ञा नाही, इतिहासही नाही. कथेतून थेट नियम काढणारे आणि कथा खोटी म्हणून नियमच फेकून देणारे, दोघेही हा भेद चुकवतात.

मधुपर्क : जुना आणि नवा थर एकाच विधीत कसे राहतात ते पुण्यातल्या वैदिक पद्धतीच्या लग्नात पाहता येते. कार्यालयात वधूपिता वराला दही-मधाचा मधुपर्क देतो. आश्वलायन गृह्यसूत्रात (१.२४) यानंतर पाहुण्यासमोर गाय आणून ‘गौः’ असे सांगितले जाते. तिला मारायचे असेल तर पाहुण्याने ‘हतो मे पाप्मा’ हा मंत्र जपून ‘ॐ कुरुत’ म्हणावे. सोडायचे असेल तर ‘माता रुद्राणाम्’ ही ऋचा जपून ‘ओमुत्सृजत’ म्हणावे. शिवाय मांसाविना मधुपर्क होत नाही, असेही सूत्र आहे. सोडण्याची वाट सूत्रातच होती. पुढे तीच एकमेव राहिली, गाय मंडपातून गेली आणि वाटी तेवढी उरली. श्राद्धाचेही तसेच. मनू (३.२६७–२७२) माशाने पितर दोन महिने, बोकडाच्या मांसाने सहा महिने आणि गाईच्या दुधाने किंवा खिरीने वर्षभर तृप्त होतात असे सांगतो, पितृपक्षात पुण्याच्या ब्राह्मण घरांतून यांतली खीरच राहिली आहे.

कलिवर्ज्य : पूर्वी विहित, पण कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या आचारांची ही यादी. तिचा मूळ गाभा पाच गोष्टींच्या श्लोकात आहे : अश्वमेध, गोमेध, संन्यास, श्राद्धात मांस आणि दिराकडून पुत्रोत्पत्ती. यादी वाढत गेली. तीत द्विजांचा समुद्रप्रवास आला, थोरल्या मुलाला जास्त वाटा देणे आले आणि विधवेचा पुनर्विवाहही आला. वेदाला धक्का न लावता आचार बदलण्याची ही युक्ती होती. मात्र तिने काही क्रूर प्रथा जशा थांबवल्या, तशा बायकांच्या वाटाही बंद केल्या.

या कलिवर्ज्याचा कस पुण्यात लागला. १८६९ साली मुंबईत सुधारक विष्णुशास्त्री पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुनर्विवाह घडवून आणल्यावर बहिष्कार पडला. १८७० साली पुण्यात करवीरपीठाच्या शंकराचार्यांसमोर जाहीर वाद झाला आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. पुनर्विवाहाच्या बाजूचा मुख्य आधार पराशरस्मृतीतील श्लोक (४.३०) : ‘नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ’, या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती विहित आहे. माधवाचार्यांनी या स्मृतीवरच्या आपल्या टीकेत (पराशरमाधवीय) तो ‘युगान्तरविषय’ म्हणून बाजूला सारला होता. ईश्वरचंद्र विद्यासागरांचे प्रत्युत्तर असे, की पराशरस्मृती ही कलियुगासाठीच सांगितलेली आहे, मग तिचाच श्लोक दुसऱ्या युगाचा कसा? या श्लोकावरचा आणखी एक वाद एका अक्षराचा. ‘पति’ शब्दाची सप्तमी ‘पत्यौ’ अशी होते. म्हणून ‘पतितेऽपतौ’ असा पदच्छेद करून हा श्लोक केवळ वाङ्‌निश्चय झालेल्या वराबद्दल आहे, असे विरोधक म्हणत. त्या एका अवग्रहावर (लुप्त ‘अ’ दाखवणाऱ्या ‘ऽ’ या चिन्हावर) असंख्य मुलींचे आयुष्य तोलले जात होते. कथा मात्र वेगळेच सांगत होती : नलोपाख्यानात दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येताच राजा ऋतुपर्ण घाईने रथ जोडायला लावतो, म्हणजे विवाहित स्त्रीचे दुसरे लग्न त्याला अशक्य वाटत नाही.

विसंगती तपासताना पहिला प्रश्न पाठाचा : प्रसंग मूळ ग्रंथात आहे का? महाभारतासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सक आवृत्ती (काम १९१९ ते १९६६) पाहावी. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा तिच्या मूळ संहितेत नाही, तळटीपांत आहे. मग वाक्य विधीचे की स्तुतीचे, ते ठरवावे. त्यानंतर बलाबल, म्हणजे कोणते प्रमाण अधिक बळकट : श्रुती (वेद), स्मृती, आचार या क्रमाने. शेवटी त्याच ग्रंथात उलट वचन आहे का ते पाहावे. मनू नवव्या अध्यायात आधी नियोगाची रीत सांगतो (रात्री, अंगाला तूप लावून, मौनाने, एका पुत्रापुरती) आणि काही श्लोकांनंतर त्यालाच पशुधर्म म्हणतो. एकच श्लोक उचलणारा इथे हमखास फसतो. पां. वा. काण्यांचा पाच खंडांचा धर्मशास्त्राचा इतिहास (१९३०–१९६२, भांडारकर मंदिराचेच प्रकाशन) ही सगळी वचने एकत्र ठेवतो, म्हणून श्लोकाचा पत्ता तिथून घेऊन मूळ ग्रंथ उघडणे बरे.

देशाचार हा शेवटचा आणि चिवट घटक. धर्मसूत्रकार बौधायन दक्षिणेकडच्या पाच खास चालींत मामाच्या व आत्याच्या मुलीशी लग्न मोजतो. उत्तरेच्या पाचांत लोकरीची विक्री आणि समुद्रप्रवास. स्मृतिचंद्रिका व पराशरमाधवीय या धर्मशास्त्रग्रंथांनी मामेबहिणीशी विवाहाचे समर्थन केले, इतरांनी निषेध. आजही देशस्थ घरांत ‘मामाची मुलगी केली’ असे सहज बोलले जाते, कोकणस्थांत ते चालत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही बहीण-भावांच्या मुलांतला विवाह निषिद्ध नात्यांत घातला आणि त्याच कायद्यात, रूढी असेल तर चालेल, अशी सवलत ठेवली.