सायरन वाजला की लगेच पळायचं? नाही!

तारापूरचा विषय निघाला की "अणुभट्टीत काही झालं तर गाडी काढा नि लांब पळा" हे कुणीतरी म्हणतंच. अहो, तसं नसतं. आपल्याकडे प्रकल्पापासून १६ किमीपर्यंत आणीबाणीचा प्लॅन असतो, त्यात घरात थांबा, दारंखिडक्या लावा हाही उपाय असतो, आणि गाव हलवायचं का ते वारा कुठला, किरणोत्सर्ग किती, हे बघून प्रशासन ठरवतं. जपानच्या फुकुशिमात २०११ ला अणुप्रकल्पात अपघात झाला तेव्हा २० किमीच्या आतले लोक हलवले, २० ते ३० किमीवाल्यांना आधी घरातच थांबवलं. घाईत हलवलेले हॉस्पिटलमधले कितीतरी म्हातारे पेशंट मात्र गेले, किरणोत्सर्गाने नाही, त्या धावपळीत हाल झाल्याने. आणि अशा वेळी देतात ती आयोडीनची गोळी फक्त गळ्यातली थायरॉईड ग्रंथी वाचवते, तीही सांगितल्यावरच घ्यायची.