बंगालची हाक: मदतीच्या मैफलींची पार्श्वभूमी

गाणी, कविता आणि गोष्टी यांची एक संध्याकाळ ठेवायची आणि तिकिटांतून व झोळीतून जमलेली रक्कम संकटात सापडलेल्या माणसांकडे पाठवायची, ही रीत आज सर्वांच्या ओळखीची आहे. एखाद्या संस्थेच्या किंवा अडलेल्या कलावंताच्या मदतीसाठी नाटकाचा खेळ लावण्याची चाल मराठी रंगभूमीवर जुनीच होती. परंतु शेकडो मैलांवरच्या, आपली भाषा न बोलणाऱ्या माणसांच्या भुकेसाठी कलावंतांनी पथके बांधून गावोगाव हिंडावे, हे आपल्याकडे घडले ते १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात, आणि त्यातला मोठा भाग मुंबईत घडला.

तो दुष्काळ केवळ पाऊस न पडल्यामुळे ओढवलेला नव्हता. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने बंगालच्या किनारपट्टीवरचा तांदळाचा साठा हलवला आणि दहापेक्षा जास्त माणसे वाहू शकणाऱ्या नावा ताब्यात घेतल्या किंवा मोडून टाकल्या. त्यानंतर १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर प्रचंड चक्रीवादळ आदळले. युद्धखर्चाने भाव चढत गेले आणि ज्यांच्याकडे विकायला अंगमेहनतीखेरीज काही नव्हते, ते शेतमजूर, कोळी आणि नावाडी आधी मेले. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला.

एवढे होऊनही सरकारने दुष्काळ संहितेप्रमाणे, म्हणजे दुष्काळात मदत कशी करायची याच्या सरकारी नियमांप्रमाणे, दुष्काळ जाहीर केलाच नाही. युद्धकाळ असल्याने वृत्तपत्रांवर निर्बंध होते. २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने रस्त्यावरच्या भुकेल्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला त्या हालांची खरी कल्पना आली. चित्रकार चित्तप्रसाद यांनी मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडून काढलेल्या रेखाचित्रांची आणि टिपणांची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका त्याच वर्षी निघाली आणि सरकारने तिच्या जवळजवळ साऱ्या प्रती जप्त करून जाळल्या. ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय त्या काळच्या कार्यक्रमांचे मोल कळणार नाही, असे मला वाटते. गाण्यांनी निधी जमवला हे खरेच. परंतु त्याआधी त्यांनी बातमी पोचवली.

इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे ‘इप्टा’, मे १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झाली, तेव्हा दुष्काळ ऐन भरात येत होता. नगारा वाजवून हाक देणारा वादक हे तिचे बोधचिन्हही चित्तप्रसाद यांनीच रेखाटले. बिनय रॉय यांच्या नेतृत्वाखाली बंगालच्या गायकांचे व नर्तकांचे एक पथक पंजाब, मुंबई असे प्रांतोप्रांती फिरले. वामिक जौनपुरींचे ‘भूका है बंगाल’ हे गीत अशा कार्यक्रमांतून लोकांच्या तोंडी बसले.

मराठी मुलखात मात्र बंगालची ही हाक पोवाड्याने पोचवली. दीड दिवसाच्या शाळेनंतर वाटेगावहून पायी मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिलेले अण्णा भाऊ साठे यांनी या दुष्काळावर ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. मदतीच्या मैफलीत आपण संगीत, काव्य आणि कथाकथन असे तीन वेगळे भाग पाडतो. पोवाड्यात ते मुळातच एकजीव असतात. डफावर थाप पडते, तुणतुणे सूर धरते, शाहीर चार ओळी म्हणतो, झीलकरी शेवटचा शब्द उचलून ‘जी जी रं जी’ करतात, आणि मग शाहीर गाणे थांबवून साध्या गद्यात पुढची हकीकत सांगतो. समोरच्या माणसाला बंगाली येत नाही, मेदिनीपूर कुठे आहे ते ठाऊक नाही. पण गिरणगावातला तो श्रोता स्वतः रेशनच्या रांगेत उभा राहत होता, कारण मुंबईत मे १९४३ पासून शिधावाटप सुरू झाले होते. त्याला तांदळाचा भाव समजावून सांगावा लागत नव्हता. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच, की इथे दात्याचे पोटही फारसे भरलेले नव्हते.

पुढे झोळीची प्रथा नाट्यगृहातही रुळली. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ मध्ये पृथ्वी थिएटर्स सुरू केले आणि संस्थेच्या सोळा वर्षांच्या आयुष्यात त्यांनी एक नेम पाळला. मुंबईचे ऑपेरा हाऊस असो की दौऱ्यावरचे एखादे गाव, खेळ संपला की घटकेपूर्वी रंगमंच गाजवणारा हा धिप्पाड नट दाराशी येऊन, मान खाली घालून, दोन्ही हातांनी झोळी पसरून उभा राही. देणाऱ्याचा चेहरा पाहायचा नाही, म्हणजे कोणी किती दिले, कोणी दिलेच नाही, याचा संकोच कोणाला होऊ नये.

‘इप्टा’च्या अंधेरीच्या केंद्रीय पथकात त्या सुमारास एक तरुण सतारवादक दाखल झाला होता. बंगालच्या दुष्काळावरच्या ‘धरती के लाल’ या १९४६ च्या चित्रपटाचे संगीत त्याचेच. तो म्हणजे रविशंकर. पंचवीस वर्षांनी पुन्हा बंगालच, फक्त त्याचा पूर्व भाग, म्हणजे तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, संकटात सापडला. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात लाखो माणसे गेली, २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराची कारवाई सुरू झाली आणि वर्ष सरेपर्यंत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. रविशंकरांच्या वडिलांचे मूळ गाव आणि त्यांचे गुरू अल्लाउद्दीन खाँ यांचे जन्मगाव त्याच भूमीतले. पंचवीसेक हजार डॉलर जमवावेत, एवढ्या अपेक्षेने त्यांनी ‘बीटल्स’ या वाद्यवृंदातले गायक जॉर्ज हॅरिसन यांच्यापाशी विषय काढला. त्यातून १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ या नावाने दोन कार्यक्रम झाले आणि सुमारे ४०,००० श्रोते आले.

आरंभी रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर मुंबईकर अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती बसल्या होत्या. वाद्ये लावून होताच टाळ्यांचा कडकडाट झाला. सूर जुळवणेच एवढे आवडले असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकर म्हणाले आणि त्यांनी ‘बांगला धून’ सुरू केली.

तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट युनिसेफला मिळाले. ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांचे पैसे मात्र अमेरिकी करखात्याच्या कचाट्यात अनेक वर्षे अडकले, कारण कार्यक्रम धर्मादाय म्हणून आधी रीतसर नोंदवलेला नव्हता. निर्वासितांचे हाल चालू असताना तो पैसा उपयोगी पडला नाही, हे दुःख मोठे आहे. पण तेव्हा अमेरिकी सरकार पाकिस्तानच्या पाठीशी होते आणि खुद्द भारतानेही बांगलादेशाला मान्यता दिली ती ६ डिसेंबरला. त्याच्या चार महिने आधी या कार्यक्रमाने ते नाव उघडपणे मिरवले. एका दिवसात जगाला बांगलादेश हे नाव कळले, असे रविशंकर नंतर सांगत. त्या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर वादकांचे छायाचित्र नाही. मोठ्या भांड्यापाशी बसलेले एक कृश मूल त्यावर आहे. चित्तप्रसादांच्या पुस्तिकेतली माणसे सरकारने जाळून टाकली होती. हे मूल मात्र लाखो घरांत पोचले.