शिशाच्या ओझ्याने पिळलेला सुळका

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातलं चेस्टरफील्ड हे जुनं बाजाराचं गाव. 1204 मध्ये जॉन राजाने त्याला सनद दिली. पण गावाची ओळख बाजारापेक्षा सेंट मेरी अँड ऑल सेंट्स या चर्चच्या वाकड्या सुळक्यामुळे. ओला टॉवेल पिळावा तसा हा सुळका बुडापासून टोकापर्यंत 45 अंश पिळला आहे, आणि टोक मध्यापासून जवळपास 2.9 मीटर बाजूला सरकलंय. जमिनीपासून टोकापर्यंतची उंची सुमारे 70 मीटर.

गावकरी म्हणतात, सैतानाच्या खुराला नाल ठोकताना लोहाराचा खिळा मांसात घुसला, सैतान कळवळून उडाला आणि त्याची लाथ सुळक्याला बसली. शास्त्रीय थाटाची कथाही आहे: 1349 च्या प्लेगात कसबी सुतार मेले, उरलेल्या नवख्यांनी ओलं लाकूड वापरलं. मला ती पटत नाही. त्या काळी ओक ओलाच कापत आणि जोडत. वाळला की तो लोखंडासारखा कडक होतो, हत्यार चालत नाही.

ओल्या लाकडाची खोड वेगळीच आहे. वाळताना ते लांबीला जवळजवळ आटतच नाही. आडवं मात्र शेकडा चार ते आठ टक्के आटतं. मग घट्ट बसलेले सांधे ढिले पडतात. आतून तिरपे आधार भरपूर असते तर निभावलं असतं. इथे ते पुरेसे नव्हते.

आणि वर शिसं! सुळक्यावर सुमारे 33 टन पत्रा आहे. लाकडाच्या पोकळ सांगाड्याला हे ओझं कमी नाही. शिसं उन्हाने पसरतंही खूप: दहा मीटरची पट्टी 30 अंशांनी तापली की साधारण 9 मिलिमीटर वाढते. लाकूड त्या मानाने धाग्याच्या दिशेने हलत नाही म्हणा ना. त्यात ऊन दक्षिणेकडच्या बाजूवर जास्त. शिसं 327 अंशांनाच वितळतं, म्हणून साध्या हवेतही ते स्वतःच्या वजनाने हळूहळू ओघळतं. थंडीत आकसलं तरी पूर्वीच्या जागी नीट परतत नाही.

जवळून पाहिलं की आणखी एक गंमत दिसते. अष्टकोनी सुळक्याच्या सपाट बाजूंवर पत्रे माशाच्या काट्यासारखे तिरके जोडलेले आहेत, त्यामुळे सपाट पृष्ठभाग पन्हळीसारखा खोलगट दिसतो. पीळ खराच आहे, पण नक्षीमुळे डोळ्यांना तो जास्तच भासतो.

22 डिसेंबर 1961 ला चर्चला आग लागली, जुना ऑर्गन जळाला. सुळका मात्र वाचला. गावच्या फुटबॉल संघाला चाहते आजही ‘स्पायराइट्स’ म्हणतात, म्हणजे सुळकेवाले.