पाच पोर्टांचे हेड आणि टर्बोची हवा : ए-सिरीज इंजिनाची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये जुन्या मिनीच्या किंवा मॉरिस मायनरच्या ए-सिरीज इंजिनाला घरच्या घरी टर्बो (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) जोडणाऱ्या हौशी मंडळींचे काम बहुधा सिलिंडरांवर झाकणासारख्या बसणाऱ्या सिलिंडर हेडपाशी येऊन अडते. टर्बो, त्याची नळजोडणी, तेलाचा पुरवठा ही सगळी बाहेरून आणून बसवायची कामे आहेत; हेड मात्र इंजिनासोबत आलेले असते आणि ज्या काळात ते आखले गेले त्या काळाच्या गरजा त्याच्या ओतीव लोखंडात पक्क्या झालेल्या असतात. म्हणून त्यात काय बदलायचे आणि काय राखायचे हे ठरवण्यापूर्वी ते तसे का घडले हे पाहणे आवश्यक ठरते.

ए-सिरीज इंजिन १९५१ साली ऑस्टिनच्या ए-३० या छोट्या मोटारीतून प्रथम बाजारात आले. क्षमता होती अवघी ८०३ सीसी. ज्या कुटुंबाला पहिल्यांदाच चारचाकी घ्यायची आहे त्याला परवडावी, पेट्रोल कमी लागावे आणि हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही ती नीट चालावी, एवढीच अपेक्षा त्या इंजिनाकडून होती. हेडची रचना या अपेक्षेला धरून होती. इनलेट (मिश्रण आत येण्याची वाट) आणि एक्झॉस्ट (जळलेला वायू बाहेर जाण्याची वाट) दोन्ही एकाच बाजूला, आणि व्हॉल्व्ह उघडायला लावणारे पुशरॉडही त्याच बाजूने वर आलेले. चार सिलिंडरांना इनलेटचे दोनच पोर्ट (मार्ग), म्हणजे प्रत्येक पोर्ट दोघांत मिळून. एक्झॉस्टचे तीन, त्यांतला मधला दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा सामाईक. अशा पाच पोर्टांमुळे ओतकाम सोपे झाले, हेड आखूड राहिले आणि खर्च वाचला.

ज्वलनकक्षाचा आकार हॅरी वेस्लेक यांचा. हेडमधून हवा कशी वाहते याचे पद्धतशीर मोजमाप ब्रिटनमध्ये ज्यांनी आधी सुरू केले त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. जॅग्वारच्या एक्सके इंजिनाच्या हेडमागेही वेस्लेकच होते. त्यांचा ज्वलनकक्ष पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा होता. दोन व्हॉल्व्हांच्या मधून लोखंडाची एक चोच कक्षात शिरलेली असे आणि उरलेला सपाट भाग पिस्टन वर येताच त्याच्या अगदी जवळ भिडत असे. या सपाट भागाखाली दाबले गेलेले मिश्रण झोताने प्लगकडे लोटले जाते, त्यामुळे ज्वलन जलद होते आणि नॉकिंगला, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याला, आळा बसतो. मोठे भाऊबंद असलेल्या बी-सिरीज इंजिनातही हेच तत्त्व होते. आपल्याकडे ॲम्बॅसॅडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचे हेड ज्या मेकॅनिकने उतरवले आहे त्याला ही पाच पोर्टांची आणि बदामी कक्षांची मांडणी ओळखीची वाटेल, कारण ते इंजिन बी-सिरीजच होते.

१९५९ साली मिनी आली आणि १९६१ साली जॉन कूपर यांच्या नावाची ९९७ सीसीची मिनी कूपर. ८४८ सीसीच्या मूळ मिनीची ताकद ३४ अश्वशक्ती होती, ती कूपरमध्ये ५५ झाली आणि १९६४ च्या १२७५ सीसी कूपर एसमध्ये ७६. ही वाढ केवळ क्षमतेची नव्हती, हेडचीही होती. विल्टशायरमधल्या डाउनटन या गावी डॅनियल रिचमंड यांच्या कारखान्यात हेड हाताने घासून पोर्ट मोकळे करण्याचे काम इतक्या उंचीला गेले की मिनी बनवणाऱ्या बीएमसी कंपनीनेच त्यांना सल्लागार म्हणून घेतले. कूपर एसच्या हेडला ३५.६ मिलिमीटरचे इनलेट व्हॉल्व्ह मिळाले, आणि हेड ब्लॉकला घट्ट धरून ठेवण्यासाठी नेहमीच्या नऊ स्टडऐवजी दहा स्टड व एक बोल्ट आला. १९६४, १९६५ आणि १९६७ या तीन वर्षांची माँटे कार्लो रॅली मिनी कूपर एसने जिंकली, आणि ‘हेड करून घेणे’ हा हौशी मालकाच्या दृष्टीने ताकद वाढवण्याचा पहिला मार्ग झाला.

या काळात जी कला विकसित झाली ती वातावरणाच्या दाबावर हवा ओढणाऱ्या इंजिनाची होती. पोर्ट मोठे करा, व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या गाईडचा पोर्टमध्ये डोकावणारा भाग कापा, व्हॉल्व्ह टेकण्याच्या सीटा अरुंद ठेवा, हेड फेसिंग करून (त्याचा तळ घासून) कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, वाढवा, ही तिची सूत्रे. सामाईक इनलेट पोर्टची अडचण मात्र त्यातून पूर्ण सुटली नाही. प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असल्याने दुसऱ्या सिलिंडरचा इनलेट व्हॉल्व्ह पुरता मिटण्याआधीच शेजारच्या पहिल्याचा उघडतो आणि त्याच पोर्टमधली हवा ओढू लागतो. त्यानंतर क्रँकचा जवळपास दीड फेरा होईपर्यंत त्या पोर्टची पाळीच येत नाही. तिसऱ्या-चौथ्याचेही तसेच. त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरांना सारखे मिश्रण मिळत नाही.

टर्बोची मूळ कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांच्या १९०५ च्या पेटंटइतकी जुनी आहे. विक्रीच्या मोटारींत ती १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबील आणि शेव्हरोले यांनी आणली, १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोने आणि १९७७ च्या साब ९९ टर्बोने ती युरोपात रुजवली. ए-सिरीजच्या वाट्याला कारखान्याचा टर्बो आला तो १९८२ च्या एमजी मेट्रो टर्बोबरोबर. लोटस कंपनीच्या मदतीने विकसित झालेल्या या इंजिनात गॅरेट टी-३ टर्बो होता आणि दाबलेली हवा एसयू कार्ब्युरेटरमधून आत जाई. साध्या एमजी मेट्रोच्या ७२ अश्वशक्तींच्या जागी ९३ मिळाल्या. याहून अधिक दाब देणे शक्य होते, पण इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतच बसवलेल्या गिअरबॉक्सला तो ताण सोसला नसता, म्हणून कमी फेऱ्यांवर दाब मुद्दाम आखडता ठेवला गेला. पुढे १९८९ च्या ईआरए मिनी टर्बोत हेच इंजिन वापरले गेले, आणि अपघातात निकामी झालेल्या मेट्रो टर्बोचे इंजिन काढून मिनीत बसवणे ही घरगुती बांधणीची रुळलेली वाट झाली.

मेट्रो टर्बोच्या हेडमधली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे तिचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. त्यांच्या पोकळ दांड्यात सोडियम भरलेले असते. ते ९८ अंश सेल्सिअसला वितळते आणि दांड्यात वरखाली हिंदकळत व्हॉल्व्हच्या तापलेल्या तोंडाची उष्णता गाईडपर्यंत नेते. कारखान्याने पैसा कुठे खर्च केला यावरून खरा प्रश्न कोणता होता ते कळते. टर्बो लागल्यावर हवा आत घालणे तुलनेने सोपे होते, उष्णता बाहेर काढणे अवघड. मधल्या सामाईक एक्झॉस्ट पोर्टमध्ये दोन सिलिंडरांची उष्णता जमते आणि मधल्या कक्षांत, दोन सीटांमधल्या अरुंद लोखंडात, तडा जाण्याची भीती राहते. म्हणूनच मोठे व्हॉल्व्ह बसवून ते लोखंड आणखी अरुंद करणे मला टर्बोच्या हेडसाठी चुकीचे वाटते.

साठच्या दशकातली सूत्रे इथे बरीचशी उलटतात. गाईड कापून टाकायची नाही, कारण उष्णता तिच्यातूनच हेडच्या पाण्याकडे जाते. एक्झॉस्टची सीट थोडी रुंद ठेवायची, म्हणजे मिटलेल्या व्हॉल्व्हला थंड व्हायला जागा मिळते. कक्षातली ती चोच गोलसर घासायची, कारण तिची टोकदार कड लाल होऊन प्लगच्या आधीच मिश्रण पेटवू शकते. इनलेटपेक्षा एक्झॉस्ट पोर्टकडे अधिक लक्ष द्यायचे, कारण टर्बाइनमागे तुंबलेला वायू दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना उलट सिलिंडरमध्ये शिरू शकतो. सामाईक पोर्टमुळे एखादा सिलिंडर कोरडे, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, मिश्रण घेत असेल, तर दाब वाढताच नॉकिंग तिथेच आधी सुरू होते; त्यामुळे चारही कक्ष अगदी सारखे असणे इथे अधिक महत्त्वाचे.

कॉम्प्रेशनचा हिशेब तर पेन्सिल-कागदावर करता येतो. १२७५ सीसीच्या इंजिनात एका सिलिंडरची क्षमता सुमारे ३१९ सीसी. कॉम्प्रेशन ९.७५ ला १ हवे असेल तर पिस्टन वर असताना उरणारी जागा ३६.४ सीसी लागते. टर्बोसाठी ते ८ ला १ वर आणायचे तर ४५.५ सीसी. ही नऊ सीसी जागा कुठून काढायची यावर सगळे अवलंबून आहे. दोन पॅकिंगांमध्ये जाड पत्रा घालून हेड उंच करणे स्वस्त पडते, पण त्याने वेस्लेक यांचा सपाट भाग पिस्टनपासून दूर जातो आणि नॉकिंग रोखणारा झोतच नाहीसा होतो. म्हणून जाणकार मंडळी खळगा असलेले पिस्टन निवडतात आणि हेडमधून थोडेच लोखंड काढतात. मोजमापासाठी हेड उलटे ठेवून, व्हॉल्व्ह व प्लग बसवून, कक्षावर भोक पाडलेली पारदर्शक प्लास्टिकची चकती ग्रीसने चिकटवतात आणि काचेच्या ब्युरेटमधून पातळ तेल सोडत शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत आकडा वाचतात. सर्वांत मोठ्या कक्षाला मापदंड धरून बाकीचे तीन त्याच्या बरोबरीला येईपर्यंत घासायचे.

१ जानेवारी २००० पासून ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत भारतानेही शिसे सोडले. जुन्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थेट ओतीव लोखंडावर बसत असे आणि शिशाचा पातळ थर त्या जागेचे रक्षण करी. तो थर गेल्यावर सीट खोल जाऊ लागली. आता टर्बो असो वा नसो, जुन्या हेडच्या कामात कडक पोलादी सीट बसवणे गृहीतच धरले जाते.

बीएमडब्ल्यूच्या के-११०० मोटारसायकलचे सोळा व्हॉल्व्हांचे हेड ए-सिरीजच्या ब्लॉकवर बसवण्याची आणखी एक वाट निघाली आहे. त्या इंजिनाचा बोअर ७०.५ मिलिमीटर आणि १२७५ चा ७०.६, या योगायोगामुळे ते शक्य झाले. त्यात इनलेट एका बाजूला आणि एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला असल्याने सामाईक पोर्टचा प्रश्नच उरत नाही. त्यासाठी मात्र हेडचे एक टोक कापावे लागते, पाण्याच्या आणि तेलाच्या वाटा बुजवून नव्या काढाव्या लागतात, आणि जुना कॅमशाफ्ट केवळ तेलाचा पंप व डिस्ट्रिब्यूटर फिरवण्यासाठी ब्लॉकमध्येच ठेवावा लागतो. एवढे यंत्रकाम घरच्या गॅरेजमध्ये होण्यासारखे नसल्याने, ज्यांच्याकडे एक ग्राइंडर, एक ब्युरेट आणि ओळखीचा टर्नर आहे ते आजही पाच पोर्टांचेच हेड हाती घेतात.