घनाच्या शेपटीत सोलापूरचा एसटीडी कोड

परवा फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला, १७ चा घन ४९१३ आणि ४+९+१+३ परत १७च, म्हणून १७ तारखेला जन्मलेल्यांवर म्हणे विशेष कृपा असते. गणित बरोबर आहे, कृपेचं सोडून द्या. शून्य सोडलं तर अशा संख्या सहाच, १, ८, १७, १८, २६, २७. तीन अंकी संख्येचा घन जास्तीत जास्त नऊ अंकी, सगळे ९ धरले तरी बेरीज ८१, म्हणजे १०० ला पोचतच नाही, आणि पुढे अंतर वाढतच जातं. यादी संपली.

मला न संपणाऱ्या याद्या जास्त आवडतात. आपल्या सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७, तर घनाच्या शेवटी २१७ येईल अशी संख्या शोधू. कॅल्क्युलेटरवर एकेक घन करत बसायचं नाही, उजवीकडून एकेक अंक पकडायचा. शेवटी ७ हवा. ० ते ९ च्या घनांचे शेवटचे अंक बघा की, ०, १, ८, ७, ४, ५, ६, ३, २, ९, प्रत्येक एकदाच, आणि ७ फक्त ३ च्या घनाला. म्हणजे संख्या ३ ने संपणार. ३ चा घन २७, दशकात २ आहे, हवा १. शाळेतल्या (a+b)³ च्या सूत्रातलं ३a²b आठवा, a म्हणजे ३ आणि b म्हणजे डावीकडच्या अंकाची दहापट घेतली तर ३×९=२७, त्यातला शेवटचा ७ च कामाचा, म्हणून ३ च्या डावीकडे जो अंक लावाल त्याच्या ७ पटीचा शेवटचा अंक दशकात मिळवला जातो. ७ लावला तर ४९ मधले ९, २+९=११, दशकात १ आला! ७३ चा घन ३८९०१७. आता शतकात ० आहे, हवा २, परत ७ चाच पाढा, ६×७=४२, म्हणून ६७३, घन ३०४८२१२१७. अजून एक पायरी चढा, ७६७३ चा घन ४५१७४७३३०२१७, पूर्ण ०२१७ आला.

हे कधीच अडत नाही कारण ७ च्या पाढ्यात शेवटचे अंक सगळे दहा येतात, प्रत्येक एकदाच, त्यामुळे हवा तो अंक आणणारा पर्याय दर पायरीला एक आणि एकच. शेवट १, ३, ७, ९ असेल तर कुठलाही आकडा चालतो (पाढा ३ चा किंवा ७ चा लागतो), तुमचा मोबाइल नंबरसुद्धा. म्हणून गाडीच्या नंबरसाठी अंकशास्त्रवाल्याला पैसे मोजणाऱ्यांना कळकळीने सांगतो, आकड्यात नशीब नसतं, असली करामत दिसली तर आधी पाढा तपासा.

सम आकड्यांना अट आहे, सम संख्येच्या घनाला ८ ने भाग जातोच. ८८८ ला जातो म्हणून १९२ चा घन ७०७७८८८, मग ४४२, ६९२, ९४२, दर २५० ला एक.

सोलापूरच्या पिनकोडचं बघा. ४७१००१ च्या घनाचे शेवटचे सहा अंक ४१३००१. ४१३००२ ने मात्र कुठलाच घन संपणार नाही, ००२ ला ८ ने भाग जात नाही. ४१३००३ वाल्यांनी ७ पासून सुरुवात करा, ७ चा घन ३४३, दशकात ४ आहे, हवा ०, आणि पाढा परत ७ चाच.