मीडियम फॉरमॅटची रंगीत फिल्म: परवडणारा रोल मधे गेला कुठे होता?

120 चा रोल, म्हणजे मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांत वापरतात ती रुंद फिल्म, 1901 सालचा. त्यात घरगुती वापराची रंगीत निगेटिव्ह फिल्म 1942 मध्ये आली. तेव्हा हे माप हौशी माणसांचंच होतं: बॉक्स कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीत आकडा बघायचा, आठ फोटो काढायचे आणि रोल धुवायला टाकायचा. पुढे हौशी मंडळी 35 मिमीकडे वळली. 120 लग्नांचे फोटो काढणाऱ्यांच्या आणि स्टुडिओवाल्यांच्या हातात राहिला आणि रंगीत 120 वर हळूहळू ‘प्रोफेशनल’ हाच शिक्का दिसू लागला.

या शब्दाने बराच गोंधळ घातला आहे. ताज्या इमल्शनचा (फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थराचा) रंग काळानुसार थोडा सरकतो. हौशी फिल्म दुकानात आणि कॅमेऱ्यात महिनोन्महिने पडून राहणार, हे गृहीत धरून ती जरा आधीच बाजारात सोडली जाई. प्रोफेशनल फिल्म नेमकी मुरल्यावर बाहेर पडे आणि फ्रीजमध्ये ठेवली जाई. एकाच बॅचचे रोल घेऊन काम करणाऱ्या स्टुडिओला प्रत्येक रोलवर त्वचेचा रंग सारखाच हवा असे, म्हणून ही काळजी. म्हणजे तो शिक्का मुळात रंगाच्या सातत्याची हमी होता. आपण मात्र त्याचा अर्थ ‘चांगली फिल्म’ असा लावत आलो. कोडॅकच्या ‘प्रोफेशनल’ पोर्ट्रा फिल्मचा कण बारीक आहे, एक्स्पोजर चुकलं तरी ती सांभाळून घेते, हे मान्यच. पण महिन्याकाठी दोन रोल काढणाऱ्याला बॅचच्या सातत्याचा फारसा उपयोग नाही.

जानेवारी 2021 मध्ये हिरव्या खोक्यावाल्या फुजीफिल्मने प्रो 400एच ही रंगीत फिल्म बंद केली. चौथ्या रंगथरासाठी लागणारा कच्चा माल मिळेनासा झाला, असं कारण दिलं गेलं. फिकट, मऊ रंगांसाठी लग्नाचे फोटो काढणारे तिच्यावर जीव टाकत. 120 च्या दुप्पट लांबीचा 220 चा रंगीत रोलही एव्हाना गेलाच होता. निवड अशी आक्रसत असताना मार्च 2022 मध्ये पिवळ्या खोक्यावाल्या कोडॅकने गोल्ड 200 ही फिल्म 120 मध्ये आणली. आपल्याच पोर्ट्रा आणि एक्टार या प्रोफेशनल फिल्मपेक्षा किंमत सुमारे 25 टक्के कमी ठेवल्याचं त्यांनी जाहीर केलं.

‘35 मिमीमध्ये ही फिल्म होतीच, मग इतकी वर्षं रुंद कापायला काय हरकत होती?’ असं तेव्हा अनेकांनी विचारलं. हरकत होती. 35 मिमीचा बेस (इमल्शन ज्यावर चढवतात ती पट्टी) साधारण 0.13 मिमी जाड असतो, 120 चा 0.10. अंधारात रीळ भरताना हा फरक बोटांना लगेच कळतो. 120 लवचीक लागते, पटकन गुंडाळी होते. म्हणजे तेच इमल्शन वेगळ्या बेसवर वेगळं चढवावं लागतं, शिवाय आकडे छापलेला पाठचा कागद लागतो. खप होईल याची खात्री नसताना हा खर्च कोण करणार?

गोल्डच्या स्वस्ताईची चर्चा झाली, पण फ्रेमच्या मापाचा हिशोब तिच्यात फारसा आला नाही. एका रोलवर 6×4.5 सेंमी मापाचे 16, 6×6 चे 12 आणि 6×7 चे 10 फोटो येतात. तेव्हाच्या 25 टक्के फरकाने गोल्ड 6×6 मध्ये वापरली, तर एका फोटोला पडणारा फिल्मचा खर्च बरोबर 6×4.5 मधल्या पोर्ट्राइतकाच येतो. 6×7 मध्ये तर 6×4.5 मधल्या पोर्ट्रापेक्षा गोल्डच महाग ठरते. ज्याच्या हातात 6×4.5 चा कॅमेरा आहे, त्याची बचत रोल निवडण्याआधीच झालेली असते. माझ्या मते परवडण्याची चर्चा इथून सुरू व्हायला हवी. त्यानंतर वेगाचा, म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदनेचा प्रश्न: गोल्ड ISO 200 ची आहे आणि या कॅमेऱ्यांच्या बऱ्याच लेन्सचं छिद्र f/2.8 किंवा f/3.5 पेक्षा मोठं उघडत नाही. सावलीत, हातात कॅमेरा धरून फोटो काढताना ISO 400 च्या फिल्मचा एक स्टॉप, म्हणजे दुप्पट संवेदनशीलता, कामी येतो.

त्यानंतर आलेला एक पर्याय म्हणजे फिनिक्स 200. कृष्णधवल फिल्मसाठी नावाजलेल्या हार्मन या इंग्लिश कारखान्याने ती 2023 अखेर 35 मिमीमध्ये आणली आणि पुढच्या वर्षी 120 मध्ये. तिच्या निगेटिव्हला नेहमीचा नारिंगी मास्क (निगेटिव्हभर असणारी नारिंगी छटा) नाही. लॅबचे स्कॅनर तो मास्क वजा करायलाच बसवलेले असल्यामुळे रंग भलतीकडे जातात. उजळ खिडकीभोवती तांबूस कडं उमटतं आणि कॉन्ट्रास्ट इतका कडक, की एक्स्पोजरची चूक लगेच दिसते. 2025 मध्ये तिची सुधारित दुसरी आवृत्ती आली. घरी स्कॅन करून स्वतः रंग बसवणाऱ्यांचं तिच्याशी चांगलं जमतं; लॅबमधून तयार फाइल मागवणाऱ्यांनी मात्र आधी एकच रोल धुऊन पाहावा.